फ्यूज वाचवण्याचे सेटिंग सरसकट लावू नका, सरसकट काढूही नका : वितरण संस्थांच्या संरक्षण विभागांना खुले पत्र

प्रति,
वीज वितरण संस्थांमधील संरक्षण व नियोजन विभागांचे प्रमुख, आणि फीडरच्या (उपकेंद्रातून निघणाऱ्या वितरण वाहिनीच्या) रिलेची सेटिंग्ज ठरवणारे सर्व अभियंते

विषय : रिले व स्वयंचलित पुनर्जोडणीच्या साहाय्याने शाखा वाहिन्यांवरील फ्यूज वाचवण्याचे धोरण फीडरनिहाय तपासण्याबाबत

महोदय, महोदया,

उघड्या तारांच्या वितरण वाहिन्यांवर होणाऱ्या दोषांपैकी साधारण ७० ते ८० टक्के दोष तात्पुरते असतात, हे आपणांस नव्याने सांगण्याची गरज नाही. वाऱ्याने हेलकावणारी फांदी तारेला टेकते, दोन तारा क्षणभर एकमेकींजवळ येतात, आकाशातली वीज जवळपास पडल्याने इन्सुलेटरवरून आर्क उडते. अशा वेळी पुरवठा थोडा काळ तोडला की आर्क विझते, तिथली तापलेली हवा पुन्हा विद्युतरोधक होते आणि वाहिनी काही घडलेच नाही अशी चालू होते. शाखेच्या सुरुवातीला बसवलेल्या डीओ (ड्रॉप-आउट, म्हणजे वितळल्यावर नळी खाली पडणाऱ्या) फ्यूजला मात्र हा भेद कळत नाही. दोष क्षणाचा असो वा कायमचा, प्रवाह पुरेसा मोठा आणि पुरेसा वेळ वाहिला की लिंक (फ्यूजमधील वितळणारी तार) वितळते, नळी खाली लोंबकळते आणि लाइनमन पोहोचेपर्यंत त्या शाखेवरचे सगळे ग्राहक अंधारात राहतात.

यावरचा उपाय जुना आहे. उपकेंद्रातील ब्रेकरने (दोष ओळखणाऱ्या रिलेच्या आदेशाने प्रवाह तोडणाऱ्या स्विचने) किंवा वाहिनीवरील रिक्लोजरने (प्रवाह तोडून आपोआप पुन्हा जोडणाऱ्या स्विचने) पहिल्यांदा फ्यूजच्या आधी, अगदी झटपट ट्रिप व्हायचे, म्हणजे उघडायचे, थोड्या विरामानंतर परत जोडायचे, आणि दोष तरीही तसाच असेल तर झटपट घटक (विनाविलंब ट्रिप करणारे सेटिंग) बाजूला ठेवून संथ वक्रावर (विलंबाने ट्रिप करणाऱ्या सेटिंगवर) जायचे, म्हणजे या वेळी फ्यूज आधी वितळून दोषी शाखा वेगळी होते आणि उरलेला फीडर चालू राहतो. उपकरण-क्रमांकांच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या ट्रिपसाठी ५० (झटपट अतिप्रवाह घटक), त्यानंतर ७९ (स्वयंचलित पुनर्जोडणी) च्या पहिल्या पुनर्जोडणीबरोबर ५० ला अडसर, आणि पुढचे सारे काम ५१ (विलंबित अतिप्रवाह घटक) कडे. कागदावर ही योजना निर्दोष आहे. माझी तक्रार ती कागदावरून रिलेमध्ये ज्या पद्धतीने उतरते, त्या पद्धतीबद्दल आहे.

ती दोन प्रकारे उतरते. काही ठिकाणी सेटिंगचा एक ठरीव तक्ता असतो आणि त्यातला झटपट घटक प्रत्येक फीडरवर, त्याची लांबी, दोषप्रवाह किंवा फ्यूजचे आकार न पाहता, चालू ठेवला जातो. काही ठिकाणी 'वीज सारखी जाते-येते' अशा तक्रारी वाढल्यावर तोच घटक एका परिपत्रकाने सगळीकडे बंद केला जातो. माझ्या मते हे दोन्ही निर्णय एकाच कारणाने चुकीचे आहेत : फ्यूज आणि ब्रेकर यांच्या शर्यतीत कोण जिंकणार, हे धोरणाने ठरत नाही, त्या जागेवरील दोषप्रवाहाने आणि त्या लिंकच्या आकाराने ठरते.

थोडी आकडेमोड करून पाहू. ४० के (जलद) आणि ४० टी (संथ) या ४० अँपिअरच्या दोन्ही लिंक ३०० सेकंदांच्या टोकाला सारख्याच, म्हणजे किमान ८० अँपिअरला वितळतात. परंतु ०.१ सेकंदात वितळण्यासाठी ४० के ला किमान सुमारे ५६५ अँपिअर लागतात, तर संथ प्रकारच्या ४० टी ला सुमारे १,०४० अँपिअर. अतिशय कमी वेळात लिंकमधील उष्णतेला बाहेर पडायला अवधी नसतो, म्हणून प्रवाहाचा वर्ग गुणिले वेळ ही राशी ढोबळमानाने स्थिर धरता येते. आता शाखेच्या सुरुवातीला २,००० अँपिअरचा दोष झाला असे समजा. ४० के लिंक सुमारे ८ मिलिसेकंदांत वितळेल, म्हणजे ५० हर्ट्झच्या अर्ध्या आवर्तनाच्याही आत. ४० टी फार तर २७ मिलिसेकंद तग धरेल. याउलट रिलेला दोष ओळखून आदेश द्यायला २० ते ३० मिलिसेकंद आणि तीन आवर्तनांच्या व्हॅक्यूम ब्रेकरला संपर्क उघडून आर्क विझवायला आणखी ६० मिलिसेकंद लागतात. एकूण ९० मिलिसेकंद. ब्रेकर जुना, पाच किंवा आठ आवर्तनांचा असेल तर विचारायलाच नको. ज्या फीडरवर ही परिस्थिती आहे, तिथे फ्यूज वाचवण्याचे सेटिंग चालू ठेवणे म्हणजे सुरू होण्याआधीच हरलेल्या शर्यतीत रोज उतरणे आहे.

तीच आकडेमोड १०० टी लिंकवर करा. तिला ०.१ सेकंदात वितळायला सुमारे २,६२० अँपिअर लागतात, म्हणून २,००० अँपिअरवर ती सुमारे १७० मिलिसेकंद टिकते. लिंक आधीच भारप्रवाहाने तापलेली असते आणि अर्धवट वितळलेल्या लिंकचा स्वभाव बदलतो, हे लक्षात घेऊन किमान वितळण्याच्या वक्राच्या ७५ टक्क्यांतच ब्रेकरने काम उरकावे, असा प्रघात आहे. तो लावला तरी १२५ मिलिसेकंदांहून थोडे अधिक हाती उरतात आणि ९० मिलिसेकंदांचा ब्रेकर इथे जिंकतो. मात्र ३,००० अँपिअरवर हीच लिंक ७६ मिलिसेकंदांत जाते. ७५ टक्क्यांच्या नियमासह ९० मिलिसेकंदांच्या ब्रेकरला फ्यूज वाचवता येण्याची वरची मर्यादा या हिशेबाने १०० टी साठी सुमारे २,४०० अँपिअर, ४० टी साठी सुमारे ९५० आणि ४० के साठी जेमतेम ५०० अँपिअर येते. उपकेंद्राजवळ दोषप्रवाहाला दिष्ट घटकाची (प्रवाह सुरुवातीला एका बाजूला झुकवणाऱ्या भागाची) जोडही मोठी असते, त्यामुळे लिंक या हिशेबापेक्षाही लवकर तापते. हे आकडे ढोबळ आहेत. प्रत्यक्ष निर्णय निर्मात्याच्या वक्रांवरूनच घ्यावा. पण ढोबळ आकड्यांनीही चित्र पुरेसे स्पष्ट होते.

शर्यत हरली तर काय होते, याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण सेटिंगच्या तक्त्यात ही ओळ कुठेच दिसत नाही. लिंक वितळते आणि रिलेचा आदेश आधीच सुटलेला असल्यामुळे ब्रेकरही उघडतो. म्हणजे शाखेवरचे ग्राहक अंधारात जातातच, शिवाय संपूर्ण फीडरला विनाकारण झटका बसतो. समजा, फीडरवर २,००० ग्राहक आहेत आणि दोषी शाखेवर ६०. फ्यूज वाचला तर ६० जणांचा दोन तासांचा खोळंबा टळतो आणि त्याची किंमत म्हणून २,००० जणांचे दिवे एकदा मिचकावतात. या व्यवहारावर वाद होऊ शकतो, पण तो व्यवहार तरी आहे. फ्यूज वाचला नाही तर २,००० जणांनी किंमत मोजली आणि ६० जणांना काहीच मिळाले नाही. झटपट घटक बंद असता तर निदान १,९४० ग्राहकांना, विद्युतदाबातील क्षणिक घट सोडल्यास, काही जाणवलेही नसते.

ही किंमत आपल्या अहवालांत दिसत नाही, हेही या प्रश्नाचे एक मूळ आहे. आयईईईच्या (विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) १३६६ क्रमांकाच्या मानकानुसार पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेला खंडच दीर्घ खंड म्हणून सैफी (दर ग्राहकामागे खंडांची सरासरी संख्या) आणि सैडी (दर ग्राहकामागे खंडांचा सरासरी काळ) या निर्देशांकांत मोजला जातो. क्षणिक खंडांसाठी मैफी हा वेगळा निर्देशांक आहे. ज्या संस्था पहिले दोनच प्रसिद्ध करतात, त्यांना फ्यूज वाचवणे हा फुकटचा फायदा वाटतो. ज्याच्या कारखान्यातील मोटारींचा गतिनियंत्रक पुनर्जोडणीआधीच्या अर्ध्या सेकंदात बंद पडून अख्खी उत्पादनाची फेरी वाया जाते, त्याला तसे वाटत नाही. (त्या ग्राहकाला 'वीज गेलीच नव्हती' असे उत्तर देणाऱ्या कार्यालयाची नोंदवही खोटी नसते, तिच्यात तो रकानाच नसतो.)

तरीही, झटपट घटक सगळीकडे बंद करा, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. लांबच लांब पसरलेल्या, विरळ वस्तीच्या फीडरवर दूरच्या शाखांवरील दोषप्रवाह काही शे अँपिअरच असतो, फ्यूजपर्यंत पोहोचायला लाइनमनला तास-दीड तास लागतो आणि झाडांमुळे तात्पुरत्या दोषांचे प्रमाण अधिक असते. तिथे ही योजना नेमकी कामाला येते. घटक बंद केल्यावर प्रत्येक तात्पुरत्या दोषाला फ्यूज जाणार, आर्क फ्यूज तुटेपर्यंत तारेवर अधिक काळ राहणार, बारीक तारा जळून तुटण्याचा संभव वाढणार आणि दर वादळानंतर त्याच त्या शाखांवर नवी लिंक टाकण्यासाठी माणसे धावणार.

त्यातून एक गोष्ट हमखास घडते, जी कोणत्याही समन्वय-आलेखात (फ्यूज व ब्रेकरचे वेळ-प्रवाह वक्र एकत्र दाखवणाऱ्या आलेखात) दाखवलेली नसते. तीच शाखा वारंवार जाऊ लागली की जागेवरचा माणूस मोठ्या आकाराची लिंक टाकतो, कधी हाती येईल ती तारच गुंडाळतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. रात्री पावसात पुन्हा त्याच खांबावर चढायचे नसते. पण त्या क्षणापासून आपण कार्यालयात बसून आखलेला सारा समन्वय निरर्थक होतो, कारण आलेखावर ४० के आहे आणि खांबावर दुसरेच काहीतरी. सेटिंग तपासण्याआधी खांबावर प्रत्यक्ष काय बसवले आहे याची पाहणी करावी, असा माझा आग्रह आहे, आणि तो या पत्रातील कोणत्याही सूत्रापेक्षा महत्त्वाचा आहे.

उपकेंद्रातील ब्रेकरकडून ही अपेक्षा करण्यापेक्षा वाहिनीच्या मध्यावरील रिक्लोजरकडून ती करणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते. त्याचा झटपट वक्र दोष एकूण ४० ते ६० मिलिसेकंदांत तोडू शकतो, त्याच्या पुढील दोषप्रवाह कमी असतो आणि झटका बसलाच तर तो फक्त त्याच्यापुढील ग्राहकांना बसतो. दोन झटपट आणि दोन संथ अशी चार ट्रिपची पारंपरिक मालिका अनेक ठिकाणी सवयीने चालू आहे. माझ्या मते एक झटपट ट्रिप पुरे. तात्पुरते दोष बहुतांशी पहिल्याच पुनर्जोडणीत निघून जातात, आणि दुसऱ्या झटपट ट्रिपमध्ये लिंक पहिल्या वेळची उष्णता अंगात घेऊनच पुन्हा तापते. म्हणूनच दोन झटपट ट्रिप आणि लहान विराम असेल तेव्हा रिक्लोजरचा वक्र फ्यूजशी ताडून पाहताना त्याला मोठ्या गुणकाने गुणावे लागते. विराम अर्ध्या सेकंदाहून फारसा कमी नसावा. आर्कची जागा थंड व्हायला आणि लिंकलाही सावरायला तेवढा वेळ हवा.

संथ वक्राबाबतही एक सूचना. फ्यूजचा वक्र प्रवाहाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात जातो, आणि आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या) वक्रांपैकी अतितीव्र व्यस्त वक्र त्याच्याशी सर्वांत जवळचा आहे. सामान्य व्यस्त वक्र फ्यूजच्या वक्राला कुठेतरी छेदतोच, आणि तो छेद कुठे होतो हे न पाहता वेळ-गुणक (वक्राचा विलंब ठरवणारे सेटिंग) निवडला की कायमच्या दोषात फ्यूजऐवजी ब्रेकरच पुन्हा उघडतो. जिथे अजून फिरत्या चकतीचे विद्युतयांत्रिक रिले आहेत, तिथे आणखी एक अडचण येते. चकती मूळ जागी परतायला काही सेकंद लागतात. पुनर्जोडणी त्याआधी झाली तर ती अर्ध्या वाटेवरूनच पुढे निघते आणि आलेखावर दिसणारे अंतर प्रत्यक्षात उरत नाही. अंकीय रिलेमध्ये पुनःस्थापन तात्काळ ठेवायचे की चकतीप्रमाणे, हा पर्याय असतो. तो न वाचता सोडून दिलेला मी अनेक सेटिंग-फाइलींत पाहिला आहे.

भूदोषाच्या (तारेतील प्रवाह जमिनीत जाण्याच्या) घटकाचे सेटिंग खाली आणून झटपट ट्रिप अधिक संवेदनशील करण्याचा मोह होतो. तो आवरावा. तीन फेजांपैकी एकाच फेजवरील मोठा फ्यूज गेला की उरलेल्या असंतुलित भाराचा प्रवाह तटस्थ मार्गाने वाहतो, आणि भूदोष घटक त्याच्या खाली ठेवला असेल तर निरोगी फीडर बंद पडतो. पुनर्जोडणीच्या क्षणी रोहित्रांचा चुंबकन प्रवाह उसळतो, त्यासाठीही पहिल्या ट्रिपनंतर झटपट घटकाला अडसर हवाच. दुसऱ्या हार्मोनिकवर (चुंबकन प्रवाहात ठळक असणाऱ्या दुप्पट वारंवारतेच्या भागावर) आधारित अडसर उपलब्ध असेल तर तोही वापरावा.

वाहिनीवर सौर किंवा अन्य निर्मिती जोडली गेली असेल, तर जुना समन्वय नव्याने तपासल्याशिवाय ग्राह्य धरू नये. रिक्लोजरच्या पुढे जोडलेला जनित्र-स्रोत दोषाला स्वतःचा प्रवाह पुरवतो. तो फ्यूजमधून जातो, पण रिक्लोजरमधून जात नाही. म्हणजे फ्यूजला दोष मोठा दिसतो आणि रिक्लोजरला तो तेवढा दिसत नाही, आणि शर्यतीतले अंतर नेमके नको त्या दिशेने कमी होते. इन्व्हर्टरचा वाटा त्याच्या क्षमतेहून थोडाच अधिक असतो, फिरत्या जनित्राचा मात्र अनेक पटींनी. शिवाय विरामाच्या काळात हे स्रोत वाहिनीपासून खरोखर सुटले आहेत का, हा प्रश्न वेगळाच. आयईईईचे १५४७ हे मानक अनपेक्षित बेट (उपकेंद्रापासून तुटूनही स्थानिक निर्मितीवर चालू राहिलेला भाग) तयार झाल्यास दोन सेकंदांच्या आत पुरवठा थांबवण्याची अपेक्षा ठेवते, आणि आपला विराम अर्ध्या सेकंदाचा असतो. या दोन आकड्यांची सांगड कोणी घातली आहे का, हे कृपया आपापल्या संस्थेत विचारून पाहा.

काही ठिकाणी ही योजना मुळीच नको. भूमिगत केबलमधील दोष जवळजवळ नेहमी कायमचा असतो. तिथे पुनर्जोडणी म्हणजे त्याच जखमेवर दुसरा आघात. रोहित्राच्या आतील दोषाचेही तेच : त्याचा फ्यूज जाणे हेच योग्य आहे, आणि दोषी टाकीवर पुन्हा पूर्ण ऊर्जा सोडण्यात टाकी फुटण्याचा धोका आहे. चालू वाहिनीवर काम सुरू असताना पुनर्जोडणी बंद असलीच पाहिजे, आणि ती बंद असल्याची खूण रिलेवर आणि नियंत्रण कक्षात अशी दोन्हीकडे दिसली पाहिजे. कोरड्या गवताच्या किंवा जंगलाच्या भागात, वणव्याच्या दिवसांत, पुनर्जोडणी थांबवण्याचा निर्णय योग्य असतो. मात्र डीओ फ्यूज तुटतानाही त्याच्या नळीतून तप्त कण खाली पडतात, त्यामुळे केवळ पुनर्जोडणी थांबवली म्हणजे आगीचा प्रश्न सुटला, असे समजू नये. अशा शाखांवर ठिणग्या न टाकणारे फ्यूज किंवा कटआउटमध्येच (फ्यूजच्या धारकातच) बसणारे एकफेजी रिक्लोजर हा महाग पण खरा मार्ग आहे.

आपल्याकडून माझ्या अपेक्षा अशा आहेत. प्रत्येक फीडरवर, प्रत्येक फ्यूज असलेल्या शाखेच्या सुरुवातीचा कमाल आणि टोकाचा किमान दोषप्रवाह काढावा, आणि त्यासमोर तिथल्या लिंकची वरची मर्यादा, ब्रेकरचा प्रत्यक्ष मोजलेला वेळ धरून, लिहावी. निर्मात्याच्या पत्रकातला वेळ पुरेसा नाही. तेल आणि वंगण सुकलेल्या यंत्रणेचा वेळ पत्रकातल्यापेक्षा वेगळा निघतो. ज्या शाखांचा मोठा भाग त्या मर्यादेखाली येतो, त्यांच्या फीडरवर झटपट घटक चालू ठेवावा. जिथे येत नाही तिथे तो बंद करावा आणि कारण फाइलमध्ये लिहून ठेवावे. अंकीय रिले असतील तर तिसरा मार्गही आहे : झटपट ट्रिपवर प्रवाहाची वरची मर्यादा घालावी, म्हणजे जिथे फ्यूज वाचणारच नाही अशा मोठ्या दोषात ब्रेकर त्याच्याशी स्पर्धा करणार नाही. मात्र मुख्य वाहिनीवरील जवळच्या दोषाला त्यामुळे संथ वक्राची वाट पाहावी लागते, म्हणून पहिल्या फ्यूजच्या अलीकडे संपणारा उच्च सेटिंगचा वेगळा घटक सोबत हवा. दूरनियंत्रणाची सोय असेल तर वादळाच्या दिवशी फ्यूज वाचवणे आणि एरवी ग्राहकांना झटक्यापासून वाचवणे, असे दोन सेटिंग-गट ठेवून ते नियंत्रण कक्षातून बदलता येतात.

शेवटची विनंती नोंदींची आहे. रिलेच्या घटना-नोंदीतून प्रत्येक झटपट ट्रिपनंतर फ्यूज वाचला की गेला, हे लाइनमनच्या दुरुस्ती-नोंदीशी ताडून पाहावे, आणि वर्षअखेर प्रत्येक फीडरसाठी वाचलेल्या व गेलेल्या फ्यूजांची संख्या क्षणिक खंडांच्या संख्येशेजारी, ग्राहकांना वाचता येईल अशा अहवालात प्रसिद्ध करावी. एखाद्या फीडरवर झटपट ट्रिप झाल्यावरही फ्यूज बहुतेक वेळा गेलेलाच आढळत असेल, तर त्याचे सेटिंग बदलण्यासाठी पुढच्या वार्षिक आढाव्याची वाट पाहू नये.

आपला विश्वासू,
एक संरक्षण अभियंता